टाचण, शिवण आणि मी

मित्रांनो, 'मी एक जुनी तबकडी आहे' या वाक्याने तुम्हाला आपली ओळख करून द्यावी, असे मी पुष्कळ दिवस मनाशी घोकले होते. वाक्य साधे आहे. 'जुनी' या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या अंगावरचे चरे त्याची साक्ष देतील. 'तबकडी' या शब्दाबद्दलही वाद नाही. संगणकाच्या खणात सरकवायची, उजेडात धरली की सप्तरंगी चमकणारी, ती मीच. मी अडखळते ती 'एक' या शब्दाशी. मी खरोखर एक आहे का? की अनेकांची मिळून झालेली, आणि केवळ आकार गोल असल्यामुळे एक दिसणारी वस्तू आहे? प्रश्न पोरकट वाटेल; परंतु याच प्रश्नापायी एका घरात बहीणभावांचे बोलणे बंद पडले, एक शहाणी वकीलबाई बोलता बोलता थबकली, आणि माझ्यावर खरोखरीची कातर उगारली गेली.

जन्माविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. दुकानातल्या फळीवर कोऱ्या तबकड्यांची चळत होती, तिच्यात मी होते. आम्हा सर्वांची तोंडे सारखी आणि मनेही सारखीच कोरी. पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येते, अशा जातीची मी. त्या वेळी मी निःसंशय एक होते. कोरेपणाचे एवढे सुख असते.

तेथून मी आले ती कपडे शिवण्याच्या एका कार्यशाळेत. लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे थर, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले कागदी नमुने, खडूचे तुकडे, टाचण्यांची उशी, आणि कोपऱ्यात एक संगणक. कार्यशाळा ताईची होती. ताई म्हणजे थोरली बहीण. परंतु गिऱ्हाइकेही तिला ताईच म्हणत. पूर्वी ती एका मोठ्या कारखान्यात कापड कापण्याचे काम करी. तेथे पोत्यांत भरून जाळायला जाणाऱ्या चिंध्या पाहून तिचा जीव तुटे. कपड्याचे भाग कापडावर असे मांडायचे की चिंधी कमीत कमी निघावी, याला शिवणकामात बेतणे म्हणतात. हे बेतणे संगणकाकडून करून घ्यावे, हे तिच्या मनाने घेतले. ती प्रोग्रॅम लिहायला शिकली, चुकली, रडली, पुन्हा शिकली; आणि आपले तारुण्य खर्ची घालून तिने एक प्रोग्रॅम उभा केला. त्याचे नाव तिने 'बेत' ठेवले.

तिच्या धाकट्या भावाला घरात वाकड्या म्हणत. लहानपणी हातात पट्टी देऊनही त्याला सरळ रेघ मारता येत नसे. मात्र वाकड्या रेघांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाही जेथे खांद्याला जोडतात तो घेर, ज्याला शिंपी मुंढा म्हणतात, तो कधीच सरळ नसतो. आणि मुंढ्याची रेघ व बाहीची रेघ यांचे माप तंतोतंत जुळले नाही, तर बाही खांद्यावर फुगते तरी किंवा ओढते तरी. कोणतीही रेघ तिची लांबी तसूभरही न बदलता हवी तशी वळवून देणारा एक लहानसा प्रोग्रॅम वाकड्याने लिहिला. त्याचे नाव 'वळण'.

बेत ताईने स्वतःपाशी ठेवला. वळण वाकड्याने जगाला देऊन टाकले. तथापि देताना त्याने परवान्यात एक अट घातली, आणि माझ्या साऱ्या गोंधळाचे मूळ त्या अटीत आहे, म्हणून ती नीट ऐका. 'घ्या, वापरा, बदला, वाटा. परंतु हे आपल्या कामात मिसळून त्याची एकच नवी कृती केलीत आणि ती दुसऱ्याला दिलीत, तर ती सबंध कृती याच अटींवर द्या. तिच्या पोटातले लिखाणही सर्वांना उघडे ठेवा. नुसते शेजारी ठेवलेत, तर तुमचे तुमचे आणि माझे माझे.'

प्रारंभी दोन्ही प्रोग्रॅम खरोखरच शेजारी होते. बेत मुंढ्याची रेघ एका फाइलीत लिहून ठेवी. वळण ती उचले, वळवी, आणि दुसऱ्या फाइलीत परत ठेवी. शेजारच्या खोल्यांत बसलेल्या दोन अबोल कारागिरांनी दाराखालून चिठ्ठ्या सरकवाव्यात, तसा तो कारभार होता. आणि म्हणून फार संथ होता.

"वाकड्या, तुझं वळण येईपर्यंत माझा चहा गार होतो रे," ताई म्हणे.

"मग दुसरा कर की. तोवर तेही येईल."

पुढे एकदा ताईचे मनगट मुरगळले. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून तिला सक्तीने घरी बसवले. वाकड्याने ती संधी साधली. बेताच्या पोटात शिरून त्याने वळण त्याच्या आतच शिवून टाकले. दाराखालच्या चिठ्ठ्या गेल्या. मधली भिंतच गेली. हे सर्व त्याने माझ्यावर लिहिले. जागा उरली होती, म्हणून पडद्यावर वरून बटणे पडू लागली की झेलायची, असा स्वतः रचलेला एक खेळ घातला, आणि आईच्या आवाजातल्या शिवणाच्या सूचनाही घातल्या. मग मला कापडाच्या पट्टीने बांधून त्याने ताईपुढे धरले.

"घे. तुझ्या हातावर मलम."

ताईने मला यंत्रात घातले. पापणी लवते न लवते तोच पडद्यावर मुंढा वळला आणि बाही त्यात अलगद बसली. ताई बघतच राहिली. आई बटणे लावत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, "पोरानं जन्मात पहिल्यांदा सरळ काम केलं."

ते माझे भरभराटीचे दिवस होते. रोज सकाळी दिवा लागायच्या आधी मी यंत्रात जाई. ताई बेतात नवनव्या गोष्टी घाली. कधी वळणाच्या ओळींतही हात घाली. वाकड्याही येता-जाता दोन्हीकडे टाके मारी. आणि प्रत्येक वेळी सारे पुन्हा माझ्यावर लिहिले जाई. ताईने माझ्यावर शाईने ठसठशीत अक्षर काढले होते: 'बेत'. एवढेच. त्या एका शब्दाचा मला अभिमान वाटे. मी म्हणजे बेत, असे मी समजून चालले होते. वाकड्या ते अक्षर पाही आणि काही बोलत नसे. त्याचे न बोलणे वाचण्याइतकी अक्कल मला तेव्हा नव्हती.

आणि एके दिवशी त्या जुन्या कारखान्याचे व्यवस्थापक टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी चिंध्यांच्या टोपलीत डोकावून पाहिले. टोपली जवळजवळ रिकामी होती. ते म्हणाले, "बाई, हे आम्हाला हवं. पण आत दुसऱ्या कुणाचा हक्क नको. तसं लिहून द्या." ज्या कारखान्यातून ताई चिंध्यांची हळहळ घेऊन बाहेर पडली, तेथेच तिचा बेत जाणार होता. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते तिने बाहीला पुसले आणि वकीलबाईंना निरोप धाडला.

वकीलबाई ताईच्या वर्गातल्या. त्यांचा कोटही शिवायला पडला होता, म्हणून माप बघणे आणि कागद करणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच फेरीत उरकायचे ठरवले. त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, ताई त्यांच्या खांद्यावर बाही टाचू लागली, वाकड्या स्टुलावर बसला, आई बटणांपाशी, आणि मी उघड्या डबीत.

"आधी सांग, या तबकडीवर काय काय आहे?" वकीलबाई म्हणाल्या.

"बेत आहे, त्यात याचं वळण आहे. याचा एक बटणांचा खेळ आहे. आणि आईच्या सूचना."

"माझंही लिहा हो कागदात," आई म्हणाली. "मुंढ्याला ताण देऊ नका, मुंढ्याला ताण देऊ नका, असं घसा बसेस्तोवर बोललेय मी."

"तुमचा आवाज तुमचाच, काकू. बघ ताई, कॉपीराइटच्या कायद्यात एक असते संकलित कृती. म्हणजे ज्याचं त्याचं काम अख्खं, आपल्या पायावर उभं. कुणीतरी निवडून एका जागी मांडलं, एवढंच. मांडणीचा हक्क मांडणाऱ्याचा, कामाचा हक्क ज्याचा त्याचा. काकूंचा आवाज आणि तो खेळ, हे तसं. दुसरी असते मिसळून केलेली कृती. एकाचं घेतलं, त्यात दुसऱ्याचं गुंतवलं, आणि मिळून तिसरंच काही झालं. तिथं ज्याचं घेतलं त्याच्या परवानगीवाचून पान हलत नाही."

"हलू नकोस, टाचणी लागेल."

वकीलबाईंनी आपल्या खांद्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "हेच घे ना! ती दुसरी बाही टेबलावर पडलीय, ती शेजारी. ही शिवलीस की कोट."

"आणि आत्ता?" ताईने विचारले. "आत्ता नुसती टाचलीय. आत्ता काय आहे?"

वकीलबाई थबकल्या. "टाचलेल्यावरच आमच्यात डोकी फुटतात, बाई. चालवताना जोडायचं, एरवी वेगळं ठेवायचं, अशी सोय असते काही प्रोग्रॅममध्ये. कुणी म्हणतं ते शेजारी, कुणी म्हणतं शिवलेलं. छातीठोक मी नाही सांगणार."

मित्रांनो, डबीत पडल्या पडल्या माझे डोके गरगरू लागले. आणि यंत्राबाहेर असताना गरगरण्याची मला सवय नव्हती. आईचा आवाज माझ्यावर आहे, पण माझा नाही. खेळ माझ्यावर आहे, पण तो बेताचा कोणी नाही. म्हणजे मी नुसती पेटी? परंतु पेटीत ठेवलेल्या दोन वस्तू एकमेकींत वाढल्या असतील, तर पेटीने त्यांना एक म्हणायचे की दोन?

"आमचं टाचलेलं नाही," ताई म्हणाली. "शिवलेलंच आहे. यानंच शिवून दिलंय."

"मग याची अट लागू होते. कारखान्याला दिलंस की सगळा बेत जगाला उघडा."

"ती अट जगासाठी!" वाकड्या स्टुलावरून उठलाच. "बहिणीला कसली अट? वळण माझं आहे. मी तिला मोकळं देतो, झालं."

"तेही चालतं," वकीलबाई म्हणाल्या. "मालकाला एकच वस्तू जगाला एका अटीवर आणि बहिणीला दुसऱ्या अटीवर देता येते." ताईने सुस्कारा सोडला. "फक्त वळण सगळं तुझंच आहे ना?"

वाकड्या पुन्हा स्टुलावर बसला.

"सगळं म्हणजे... एक शिडं शिवणारा होता."

"कोण होता?"

"जहाजाची शिडं. वळण वापरायचा तो. ताणाच्या कापडावर माझी रेघ तुटायची, तर त्यानं ती दुरुस्त करून पाठवली. 'खारा वारा' असं काहीतरी नाव लावायचा. खरं नाव मी कधी विचारलंच नाही."

"किती ओळी?"

"थोड्याच आहेत."

"त्या काढल्या तर?"

वाकड्याने टाचण्यांच्या उशीकडे पाहिले. "तर बाही बसत नाही."

वकीलबाई म्हणाल्या, "मग त्या ओळी त्याच्या. त्यानं त्या तुझ्या अटीवर दिल्या, सगळ्यांसाठी. ताईला मोकळ्या म्हणून नाही दिल्या."

"मी नव्यानं लिहितो त्या."

"वाचल्यास ना एकदा? आता डोक्यातून काढशील?"

त्याने प्रयत्न केला, हे मला ठाऊक आहे. कारण त्याने लिहिलेले माझ्यावर उतरवून पाहिले होते. प्रत्येक वेळी रेघ फिरून फिरून त्या शिडवाल्याच्याच वळणावर जाई. त्या अनामिकाला ताईने निरोप पाठवले. उत्तर आले नाही. समुद्रावर होता, की ते जुने टोपणनाव त्याने टाकून दिले होते, कोण जाणे.

मग व्हायचे ते झाले.

"भेट म्हणून दिलंस ना मला?" ताई कडाडली. "मग भेटीत परक्याचं सामान कशाला कोंबलंस?"

"तुझ्या त्या तबकडीवर नाव काय लिहिलंयस, वाच," वाकड्या म्हणाला. "इतकी वर्षं वापरलीस. एकदा तरी विचारलंस का, आत कोण कोण आहे ते?"

वाकड्या सरळ निघून गेला. एरवी कधी तो इतका सरळ चालत नसे. पुढे त्याचे येणे थांबले, बोलणे थांबले. मी यंत्रात जाईनाशी झाले. डबीवर खडूची धूळ साचू लागली. आईने दोन दिवस पाहिले आणि एका संध्याकाळी दोऱ्याची गाठ मारता मारता पुटपुटली, "एका पोटची म्हणून मी एक समजत होते. नुसती शेजारी ठेवलेली निघाली."

ताईपुढे दोन वाटा होत्या. बेत जगाला उघडा करायचा आणि कारखाना सोडायचा, ही एक. दुसरी, भिंत पुन्हा बांधायची: वळण बेतातून उसवून बाहेर काढायचे, शेजारच्या खोलीत बसवायचे, आणि दाराखालून चिठ्ठ्या सरकवायच्या. तिने दुसरी निवडली. वकीलबाईंनी बजावले, "नावापुरतं वेगळं नको हं. खरंच वेगळं हवं." ती एकटीच उसवायला बसली. मला पुन्हा यंत्रात घातले गेले. परंतु ती एक ओळ काढायला जाई आणि तिसरीकडेच कापड सुटे. अखेरीस तिने भावाला निरोप लिहिला. तो तिने मोठ्याने म्हणून पाहिला, म्हणून मला पाठ आहे: "उसवायला ये. तुझे टाके मला सापडत नाहीत."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तिने न विचारता चहा ठेवला. दोघे एका पडद्यापुढे बसली.

"ही ओळ कुणाची?"

"माझी. नाही... माप तुझं दिसतंय."

"मग तुझी की माझी?"

"अर्धी अर्धी?"

"अर्धी ओळ कशी देणार कुणाला? बाही आहे का ती?"

कित्येक ओळी अशा निघाल्या की, त्या कोणाच्या, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना. ताईने बेतासाठी म्हणून केलेली दुरुस्ती वळणाच्या पोटात मुरली होती; वाकड्याचे टाके बेताच्या अस्तरात गेले होते. ज्यांचा निवाडा झाला नाही, त्या ओळी फेकून तिथले काम नव्याने लिहायचे, असे ठरले. वळणात राहिलेले स्वतःचे टाके ताईने वळणाबरोबर जगाला देऊन टाकले. बेतातले आपले टाके वाकड्याने बहिणीच्या नावे लिहून दिले. मी पाहत होते, आणि माझी समजूत मात्र अधिकच घोटाळत होती. एकत्र असताना दोघांत भांडण, आणि वेगळे करताना दोघांची डोकी एका पडद्यावर टेकलेली! मग एकत्र कधी म्हणायचे?

नवी तबकडी तयार झाली. तिच्यावर ताईने बारीक अक्षरांत लिहिले: 'संग्रह. बेत, ताईचा. वळण, वाकड्याचे आणि त्याला दुरुस्त करणाऱ्या सर्वांचे, त्याच्या अटींसह. बटणांचा खेळ, वाकड्याचा. सूचना, आईच्या.' आईने ते चष्मा लावून दोनदा वाचले. बेत पुन्हा संथ झाला होता. व्यवस्थापकांनी कुरकुर केली, तेव्हा ताई म्हणाली, "मधल्या वेळात चहा घेत जा. आम्ही तसंच करायचो." ते हसले आणि तबकडी घेऊन गेले. पुढे त्या कारखान्यातली चिंध्यांची पोती हलकी झाल्याचे कोणीतरी येऊन सांगितले. त्या दिवशी ताईने सबंध टेबल झाडून काढले.

उरले मी. वळण बेतात शिवलेले जगात आता फक्त माझ्यावर होते.

"चुकून कारखान्यात गेली तर पंचाईत," ताई म्हणाली. "पुसलेलं परत काढतात म्हणे." आणि तिने कापडाची मोठी कातर उचलली. तिची दोन्ही पाती माझ्या काठाला लागली. मित्रांनो, थंड पोलाद काय असते ते मला तेव्हा कळले. वाकड्या खिडकीबाहेर पाहत होता.

कात्रीची मूठ मिटेना. ताईने वकीलबाईंकडे पाहिले. त्या नवा कोट घालून आरशापुढे उभ्या होत्या. "घरातच वापरली तर?" ताईने विचारले.

"घरात वापरायला कुणाची ना आहे? अट देण्याला लागते, ठेवण्याला नाही. बाहेर द्यायची नाही, एवढंच."

ताईने कातर खाली ठेवली. मग शाई घेऊन माझ्यावरच्या 'बेत' या शब्दापुढे थोडी जागा होती तिथे लिहिले: 'आणि वळण'. थोडे थांबून, त्याखाली: 'आणि तो शिडवाला'. वाकड्याने वाकून वाचले. "शाई पसरलीय," एवढेच तो म्हणाला, आणि फुंकर घालत राहिला.

आता मी खणात असते. एखादी अवघड बाही आली, की ताई मला बाहेर काढते आणि मी पापणी लवते न लवते तोच ती वळवून देते. परंतु नव्या संगणकांना माझ्यासाठी खणच नसतो, असे ऐकते. हे यंत्र थकले की माझे बोलणे संपेल.

मी एक की अनेक, याचा उलगडा मला झालेला नाही. माझ्यावरचा खेळ आणि आईचा आवाज यांपुरती मी पेटी आहे. बेत आणि वळण यांपुरती मी कोट आहे. आणि कायद्याच्या जाणत्यांनाही टाचलेल्या जागी थबकताना मी पाहिले आहे. तुम्हाला मी एवढेच विनवते. दुसऱ्याचे काम हाती घ्याल, तेव्हा ते शेजारी ठेवता आहात की आपल्यात शिवता आहात, हे सुई ओवण्याआधी पाहा. ज्याने दिले त्याची अट वाचा, आणि त्याचे खरे नाव विचारून घ्या. उत्तर देणारा नेहमीच किनाऱ्यावर नसतो.

आणि कधी मला हाती घेतलेत, तर कडेने धरा. माझ्या अंगावर ओरखडा पडला, तर तो ताईच्या ओळीवर पडला, वाकड्याच्या, की त्या शिडवाल्याच्या, हे ओळखणारे मग कोणीही असणार नाही. बाही तेवढी बसायची थांबेल.